ताळेबंद कोण वाचतं?

कंपनीचा ताळेबंद एकच असतो, पण प्रत्येक वाचणारा त्यातलं वेगळं पान उघडतो. भागधारकाची नजर आधी नफा आणि लाभांशावर जाते. वार्षिक सभेच्या किमान २१ दिवस आधी हिशेब त्याच्या हाती पडावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. ते बरेचदा न उघडताच पडून राहतात, ही गोष्ट वेगळी.

बँकेला मात्र नफ्यापेक्षा रोकड महत्त्वाची. खेळत्या भांडवलाचं कर्ज देताना ती गोदामातला माल आणि येणी तपासते. समजा माल एक कोटीचा आहे, पण त्यातला चाळीस लाखांचा दोन वर्षं हललेलाच नाही. कागदावर तो मालमत्ता असला, तरी बँक त्यावर सहसा कर्ज देत नाही. उधारीवर कच्चा माल देणारा पुरवठादारही हेच पाहतो: इतरांची देणी किती दिवस थकली आहेत?

कामगार संघटना बोनसच्या वाटाघाटीआधी हिशेब चाळते, कारण ८.३३ ते २० टक्क्यांमधला आकडा वाटपयोग्य शिलकीवर ठरतो. प्राप्तिकर खातं आणि सेबी यांचं वाचन अर्थातच संशयाचं.

सगळ्यांची भिस्त आकडे खरे असण्यावर. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक रोख आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. लेखापरीक्षकांनी त्याच ताळेबंदांवर सह्या केल्या होत्या.