मात्रेतील अपूर्णांक आणि त्यांचे संगणकीय लेखन

आयुर्वेदीय औषधनिर्मिती असो वा प्रत्यक्ष चिकित्सा असो, केवळ पूर्णांकांवर आपले भागत नाही. शार्ङ्गधराने क्वाथासाठी षोडशगुण जल व अष्टमांश अवशेष सांगितला. स्नेहसिद्धीत जल द्रव असता कल्क चतुर्थांश, क्वाथ असता षष्ठांश आणि स्वरस असता अष्टमांश घ्यावा, असा भेद त्याने केला. षडंगपानीयासाठी एक कर्ष द्रव्य एक प्रस्थ जलात घालतात. कर्ष १२ ग्रॅम व प्रस्थ ७६८ मिलिलिटर धरल्यास हे प्रमाण १/६४ होते. रसौषधींकडे वळल्यास अपूर्णांक अधिकच सूक्ष्म होतात. सुवर्णभस्माची मात्रा सामान्यतः १/८ ते १/४ गुंजा सांगण्याचा परिपाठ आहे. गुंजा १२५ मिलिग्रॅम धरली तर तिचा अष्टमांश केवळ साडेपंधरा मिलिग्रॅमच्या घरात जातो.

असे असूनही आपली चिठ्ठी, लेबल, निर्मितीनोंदी व शोधनिबंध आज ज्या संगणकावर तयार होतात, त्याला ¼, ½ आणि ¾ एवढ्या तीनच अपूर्णांकांची स्वाभाविक ओळख आहे. याला ऐतिहासिक कारण आहे. लॅटिन-१ या आठ-बिटी संकेतावलीत हीच तीन चिन्हे समाविष्ट झाली आणि वर्डसारख्या प्रणालींनी तीच उचलली. वर्डमध्ये १/२ असे इंग्रजी आकड्यांत टंकित करून मोकळी जागा सोडली की त्याचे आपोआप ½ होते. १/८ किंवा १/१६ मात्र जसेच्या तसे राहते. परिणामी एकाच कोष्टकात एका ओळीत सुबक ½ आणि त्याखाली लांबलचक १/१६ असे विजोड चित्र दिसते. हे केवळ सौंदर्याचे प्रकरण असते तर त्यावर या अंकाची पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते.

खरा धोका वाचनाचा आहे. दीड गुंजा लिहिताना १ आणि १/२ यांमधील मोकळी जागा निसटली की ११/२ उरते. गणिताच्या दृष्टीने ते साडेपाच होतात, म्हणजे मात्रा साडेतीन पटींहून अधिक वाढते. तिरकी रेघ पुसट छापली गेली तर १/४ चे १४ होतात. ¼ हे चिन्ह ज्या फाँटात नाही अशा संगणकावर ते पूर्ण गळाले, तर ‘¼ गुंजा’चे नुसते ‘गुंजा’ राहते व वाचणारा ती एक गुंजा समजतो. वत्सनाभ, कुचला, भल्लातक अशी द्रव्ये औषध व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या परिशिष्ट ई(१) मध्ये विषवर्गात गणली आहेत. अशा द्रव्यांच्या कल्पांबाबत चौपट चूक म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

मराठी फाँटांनी या गोंधळात आपली भर घातली आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांत देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी चिन्हांच्या जागी बसविलेले असतात. कृतिदेव ०१० या फाँटात ¼ च्या जागी डावा कंस, ½ च्या जागी उजवा कंस आणि ¾ च्या जागी बरोबरचे चिन्ह येते. इंग्रजी फाँटात केलेले कोष्टक कोणी उत्साहाच्या भरात निवडून संपूर्ण कृतिदेवात बदलले की सर्व अर्धे भाग कंसांत परिवर्तित होतात. कंस हे मजकुरात कोठेही शोभणारे चिन्ह असल्यामुळे मुद्रितशोधकालाही ते खटकत नाही. आपल्या औषधालयात अजून जुने फाँट वापरात असतील, तर योगांची कोष्टके तरी युनिकोडमध्ये आणावीत आणि रूपांतरानंतर प्रत्येक अपूर्णांक मूळ प्रतीशी डोळ्यांनी ताडून पाहावा. रूपांतर करणाऱ्या साधनावर येथे विसंबू नये.

आता उपाय. युनिकोडमध्ये ⅓, ⅔, ⅙, ⅛, ⅜ इत्यादी काही अपूर्णांक तयार चिन्हे म्हणून उपलब्ध आहेत. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत २१५३ टंकित करून ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबल्या की ⅓ उमटतो; २१५९ ने ⅙, आणि २१५ पुढे इंग्रजी बी अक्षर दिल्यास ⅛ मिळतो. स्नेहकल्पनेतील षष्ठांश व अष्टमांश यांची सोय एवढ्याने होते. हे संकेतांक लक्षात ठेवण्याचा कंटाळा असल्यास ऑटोकरेक्टच्या यादीत एकदाच नोंद करून ठेवावी. मात्र १/८ च्या जागी ⅛ यावा अशी नोंद करू नये, कारण १/८ ही १ ऑगस्ट ही तारीखही असू शकते. ‘अष्टमां’ किंवा ‘षष्ठां’ असे एरवी मजकुरात न येणारे तुटक रूप त्यासाठी योजावे.

१/१६, १/३२, १/६४ यांसाठी असे तयार चिन्ह नाही, आणि देवनागरी आकड्यांत तर एकाही अपूर्णांकासाठी नाही. तेथे अंश व छेद आडव्या रेघेच्या वर-खाली मांडण्याची रीत अवलंबावी लागते. वर्डमध्ये कंट्रोल व एफ-९ दाबल्यावर महिरपी कंसांची जोडी येते. तिच्यात इंग्रजी ईक्यू ही अक्षरे, मोकळी जागा, उलटी तिरकी रेघ, एफ हे अक्षर आणि साध्या कंसात अंश, स्वल्पविराम, छेद असे लिहून शिफ्ट व एफ-९ दाबावे. आकडे नेहमीच्याच फाँटात राहतात, हा या जुन्या पद्धतीचा मोठा गुण. ऑल्ट व बरोबरचे चिन्ह दाबून उघडणारी समीकरणाची चौकट २००७ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. शोधनिबंधातील सूत्रांसाठी ती उत्तम, परंतु लेबलावरील एका षोडशांशासाठी तिचा वापर म्हणजे मुंगी मारण्यास तोफ. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी सूत्र ही वस्तू घालून अंश व छेद यांच्यामध्ये ओव्हर हा इंग्रजी शब्द लिहावा.

येथे एक सावधगिरी सांगणे प्राप्त आहे. पूर्वी अनेकांनी वर्डमधील इक्वेशन एडिटर ३.० या जोडप्रणालीने सूत्रे लिहिली. सुरक्षिततेच्या कारणास्तव ती जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. त्या जुन्या दस्तऐवजांतील सूत्रे आता दिसतात, पण त्या प्रणालीने दुरुस्त करता येत नाहीत. मात्रा सुधारून लिहायची असल्यास सूत्र नव्याने लिहिणे इष्ट.

हे सर्व करणे शक्य नसेल तेथे साधी तिरकी रेघच ठेवावी. एका कोष्टकात एकच पद्धत असावी एवढा मात्र आमचा आग्रह आहे. पूर्णांक व अपूर्णांक यांच्यामध्ये कंट्रोल, शिफ्ट व मोकळ्या जागेची कळ दाबून न तुटणारी जागा द्यावी, म्हणजे १ एका ओळीच्या अखेरीस व १/२ पुढील ओळीच्या आरंभी असा वियोग होत नाही.

औषधालयाच्या चालकांना याहून अधिक दक्षता एक्सेलमध्ये घ्यावी लागते. शेड्यूल टी लागू झाल्यापासून प्रत्येक घाण्याची नोंद ठेवणे आलेच, आणि ती बहुधा एक्सेलमध्येच होते. तेथे रिकाम्या चौकटीत १/८ लिहिले की एक्सेल ती तारीख समजते. भारतीय मांडणीत १ ऑगस्ट २०२५ असे धरले गेले, तर तिच्या पोटात ४५,८७० हा आकडा असतो. त्याने तेलाच्या वजनास गुणल्यावर येणारे कल्काचे वजन इतके अफाट असते की चूक तत्काळ ध्यानात येते. त्यामुळे ही चूक त्या मानाने निरुपद्रवी. प्रथम शून्य, मग मोकळी जागा, मग १/८ असे लिहिल्यास अपूर्णांक योग्य रीतीने नोंदला जातो.

ध्यानात न येणारी चूक निराळीच आहे. चौकटीस अपूर्णांक हा प्रकार दिला की एक्सेल प्रथम एक-अंकी छेदाचा पर्याय पुढे करते. त्या चौकटीत ३/१६ ची किंमत असेल तर छेद एक-अंकी असावा या बंधनामुळे तेथे १/५ दिसतो. आतील हिशेब अचूक असतो, परंतु छापील कागद हाती घेऊन वजन करणारा कर्मचारी किलोमागे १८७.५ ग्रॅमऐवजी २०० ग्रॅम तोलतो. म्हणून दोन-अंकी छेदाचा किंवा सोळांशांचा पर्याय जाणीवपूर्वक निवडावा, आणि शेजारच्या रकान्यात ग्रॅममधील वजन छापावे.

दशांश लिहिले म्हणजे प्रश्न मिटला, असेही काहींचे मत आढळते. ते आम्हांस अर्धेच पटते. अष्टमांश ०.१२५ असा नेमका लिहिता येतो; षष्ठांश मात्र दशांशात कधीच संपत नाही. ५० किलो तेलास षष्ठांश कल्क ८ किलो ३३३ ग्रॅम होतो. ०.१७ लिहून काम भागविल्यास तो साडेआठ किलो होतो. तेव्हा सूत्र अपूर्णांकात ठेवून निष्पन्न वजन मेट्रिक मानात छापणे हाच मार्ग योग्य होय.

जुन्या वह्यांचा विषय येथे टाळता येणार नाही. अनेक वैद्यघराण्यांतील योगसंग्रह सध्या संगणकावर उतरविले जात आहेत. त्या वह्यांत पाव, अर्धा व पाऊण हे उभ्या दंडांनी लिहिलेले असतात: १। म्हणजे सव्वा, २॥ म्हणजे अडीच, १॥। म्हणजे पावणेदोन. पावकी, निमकी, औटकी पाठ केलेल्या पिढीला यात काही अवघड नव्हते. आजचा टंकलेखक मात्र २॥ तोळे हे २११ तोळे असे वाचतो, अथवा दंडाला पूर्णविराम समजून दोनच तोळे लिहितो. यांतील दुसरी चूक पकडणे महाकठीण, कारण दोन तोळे हे प्रमाण सर्वथा संभाव्य वाटते. मोडी अथवा देवनागरी व्यवहारातील या जुन्या अपूर्णांकांना युनिकोडने २००९ साली ५.२ या आवृत्तीत स्वतंत्र स्थान दिले. त्यांत पाव, अर्धा, पाऊण यांच्यासह एकषोडशांश, अष्टमांश व तीनषोडशांश यांची चिन्हे आहेत. ती सर्व फाँटांत नसल्यामुळे लेबलावर वापरू नयेत. पण हस्तलिखिताची मूळ प्रत जतन करताना त्यांचा अवश्य विचार व्हावा. दंड ठेवायचे ठरल्यास प्रत्येक योगाशेजारी तेच मान अक्षरांत लिहावे, आणि उतरवून घेणाऱ्यास प्रथम एक पानभर दंड वाचण्याचा सराव द्यावा.

रुग्णाच्या हाती जाणाऱ्या चिठ्ठीबाबत आमची पसंती अक्षरांनाच आहे. ‘अष्टमांश गुंजा, सुमारे १५ मिलिग्रॅम’ असे लिहिण्यास अर्धी ओळ अधिक लागते, परंतु त्यातून रेघ गळत नाही आणि फाँट बदलला तरी अर्थ पालटत नाही. पुड्या बांधून देणाऱ्या सहाय्यकासाठी एकूण औषध व पुड्यांची संख्या लिहिणे अधिक सोयीचे: दोन गुंजा भस्माच्या सोळा समान पुड्या असे लिहिले की प्रत्येक पुडीत अष्टमांश गुंजा आपोआप येते, आणि अपूर्णांक टंकित करण्याचा प्रसंगच उद्भवत नाही.