खेचरांच्या चाऱ्यातील विष

केदारनाथच्या वाटेवर खेचर मेले की चर्चा दोन कारणांभोवती फिरते: ओझे जास्त होते की रोग होता? 2025च्या मे महिन्यात अश्व-इन्फ्लुएंझामुळे तेथील घोड्या-खेचरांची वाहतूक काही काळ थांबवावी लागली, तेव्हाही हेच झाले. दोन्ही कारणे खरी आहेत. मला मात्र तिसराच प्रश्न पडतो. यात्रेचा हंगाम नसतो तेव्हा ही जनावरे खातात काय?

गढवाल-कुमाऊंच्या खालच्या दऱ्यांत, ओढ्यांच्या काठी आणि ओसाड पडलेल्या पायऱ्यांच्या शेतांत पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांची एक वनस्पती मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. लोक तिला काला बांसा म्हणतात. नेपाळीत ती बनमारा, म्हणजे रानाचा घास घेणारी. शास्त्रीय नाव एजेराटिना एडेनोफोरा. मूळ मेक्सिकोचे, कुळ गाजरगवताचे. तिचे बी वाऱ्यावर उडते आणि ते धरण्यासाठी परागीभवनाचीही गरज लागत नाही. ईशान्येपासून नीलगिरीपर्यंत तिने डोंगरउतार बळकावले आहेत.

गाय-म्हैस तिला सहसा तोंड लावत नाही. घोडा मात्र आवडीने खातो. ऑस्ट्रेलियात यातून होणारा घोड्यांचा आजार नुमिनबा नावाच्या खोऱ्यावरून ओळखला जातो. विषाचा मारा फुप्फुसांवर होतो आणि तो महिनोन्‌महिने चालतो. आधी खोकला, मग थोड्या श्रमानेही लागणारी धाप. फुप्फुसाची ऊती तंतुमय होऊन कडक होते आणि पूर्ववत होत नाही. त्यावर औषध नाही. असे जनावर चढावर अचानक कोसळू शकते, आणि पाहणाऱ्याला दिसते ते पाठीवरचे ओझे. फुलोऱ्यातील झाड सर्वांत घातक असते, आणि हिमालयात फुलोरा येतो तो हिवाळा सरताना, यात्रेच्या तोंडावर. केदारनाथचे मृत्यू यामुळेच झाले, असा माझा दावा नाही. शवविच्छेदनात हा प्रश्न विचारला जावा, एवढेच म्हणणे आहे.

2019च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टू मिळून सुमारे 3.4 लाख आणि खेचरे 84 हजार उरली होती. सात वर्षांत अनुक्रमे 45 आणि 57 टक्क्यांची घट. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवे, खेचरे आणि उंट यांच्या पालन उद्योगासाठी 50 टक्के, कमाल 50 लाखांचे भांडवली अनुदान मंजूर केले. त्याच निर्णयात पडीक व ऱ्हास पावलेल्या वनजमिनीवर चारा लावण्याचीही तरतूद आहे. माझ्या मते डोंगरी राज्यांसाठी खरी किल्ली हीच दुसरी तरतूद आहे, पण बातम्या झाल्या पहिलीच्या. वनखात्याला हे झुडूप रोपवनातला अडथळा वाटते, पशुसंवर्धनाला लशींची काळजी, यात्रा प्रशासनाला परवान्यांची. झुडूप तिघांच्याही हद्दीत वाढते.

उपाय झाले नाहीत असे नाही. खोडावर गाठी आणणारी एक माशी न्यूझीलंडहून आणून 1963 मध्ये नीलगिरीत सोडली होती. गाठी आल्या, पण स्थानिक परजीवी कीटकांनी त्या माशीलाच गाठले. शेवटी हातांनी उपटणे उरते. तेही फुलोऱ्यापूर्वी आणि मुळासकट, कारण नुसते छाटले तर बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. आणि मोकळ्या झालेल्या उतारावर त्याच पावसाळ्यात चाऱ्याचे गवत लावायला हवे. खेचरांच्या तळांभोवतीची जागा आधी घेतली, तर हे काम रोजगार हमीच्या मजुरीत बसू शकेल.