प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले, आता शेक घ्यायचा की थांबायचे?

शेतकरी बंधूंनो, आज पीकपाणी थोडे बाजूला ठेवू. साठी उलटलेल्या पुरुषांच्या एका दुखण्याविषयी बोलायचे आहे. पारावर या विषयावर कुणी तोंड उघडत नाही, कारण जागाच अवघड. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. तिथे कर्करोग निघाला आणि ऑपरेशन पार पडले, की घरच्यांना वाटते सुटलो. पण दीड-दोन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा बोलावतात आणि ‘शेक द्यायचा का ते ठरवू’ म्हणतात. मग घरात दोन तट पडतात. पोरगा म्हणतो, अर्धा एकर गेला तरी चालेल, पण एकदाचा शेक देऊन टाकू. म्हातारा म्हणतो, गाठ काढली ना, मग आता कशाला मुंबईच्या खेपा? दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

आधी एक गोष्ट तपासा. आपले ऑपरेशन नेमके कोणते झाले? लघवी अडते म्हणून लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरवडतात, ते वेगळे. कर्करोगासाठी अख्खी ग्रंथी मागच्या वीर्यपिशव्यांसकट काढून टाकतात, ते वेगळे. गावाकडे दोन्हींना ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ हेच नाव. कधी कधी खरवडलेल्या तुकड्यांतच कर्करोग सापडतो, म्हणजे ग्रंथी अजून आतच असते. अशा माणसाला खाली दिलेले आकडे लागू नाहीत, त्याचा हिशोब निराळा. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेले असते. समजत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून विचारा, त्यात कमीपणा कसला?

अख्खी ग्रंथी काढली असेल, तर पुढचा बराचसा निर्णय रक्ताच्या एका तपासणीभोवती फिरतो. तिचे नाव पीएसए. हा पदार्थ प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात. ग्रंथीच गेली म्हटल्यावर सहा ते आठ आठवड्यांत तो रक्तातून जवळपास नाहीसा व्हायला हवा, म्हणजे ०.१ च्या खाली यायला हवा. रिपोर्टवर शेजारी ‘सामान्य ४ पर्यंत’ असे छापलेले असते, त्याने फसू नका. तो ४ चा आकडा ग्रंथी शाबूत असलेल्यांसाठी आहे. ऑपरेशननंतर ०.८ आले आणि कुणी ‘नॉर्मल आहे काका, जा घरी’ म्हणाले, तर घरी जायचे नाही, डॉक्टरांकडे जायचे. खाली गेलेला पीएसए पुन्हा ०.२ किंवा त्यावर चढला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर रोग परत डोके वर काढतो आहे असे धरतात.

कपाशीवाल्यांना हे लगेच कळेल. गुलाबी बोंडअळीचा एक पतंग सापळ्यात दिसला म्हणून कुणी पंप पाठीवर घेत नाही, आणि बोंडे किडेपर्यंतही थांबत नाही. एका कामगंध सापळ्यात आठ पतंग, सलग तीन रात्री, ही आर्थिक नुकसानीची पातळी. ती गाठली की फवारणी. पीएसएचेही तसेच.

पूर्वी असे नव्हते. काढलेल्या गाठीच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या, किंवा रोग ग्रंथीच्या बाहेर डोकावलेला दिसला, की ऑपरेशनमागोमाग शेक द्यावा असे पुष्कळ डॉक्टर मानत. मग प्रश्न पडला, की सगळ्यांनाच लगेच द्यायची गरज आहे का? यासाठी तीन मोठ्या चाचण्या झाल्या. एक ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि कॅनडा मिळून, दुसरी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये, तिसरी फ्रान्समध्ये. २०२० मध्ये तिन्हींचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात २,१५३ पुरुष होते. निम्म्यांना लगेच शेक, निम्म्यांना पीएसए वाढला तरच. रोग पुन्हा वाढण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तोवर शेक लागलाच नव्हता. ज्यांनी लगेच घेतला, त्यांना लघवीचे त्रास मात्र जास्त झाले.

पण यातली मेख ध्यानात घ्या. ती थांबलेली माणसे घरी स्वस्थ बसली नव्हती, ठरल्या तारखेला रक्त देत होती. आपल्याकडे थांबणे म्हणजे विसरणे होते. पेरणी येते, लग्नसराई येते, तपासणी राहून जाते, आणि दोन वर्षांनी कंबर दुखते म्हणून माणूस दवाखान्यात जातो तेव्हा रोग हाडांत पोचलेला असतो. तेव्हा तीन ते सहा महिन्यांनी तपासणी होणार नसेल, तर ‘थांबू’ हा निर्णय घेऊच नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, आणि आकडा दशांशाच्या पुढे दोन घरांपर्यंत मागा. सुरुवात करायची वेळ आली तर ०.५ ओलांडायच्या आत करावी. तिथवर शेकाचा गुण चांगला येतो, पुढे तो कमी होत जातो.

थांबणे सगळ्यांना मानवत नाही, हेही खरे. गाठींच्या तपासणीत लसिकाग्रंथीत रोग निघाला, वीर्यपिशवीत शिरलेला आढळला आणि वर ग्लिसन गुण ८ ते १० असला, तर डॉक्टर लगेच शेकाचा सल्ला देऊ शकतात. या चाचण्यांत अशी माणसे थोडीच होती, म्हणून त्यांचा निकाल या मंडळींना आंधळेपणाने लावू नये. पीएसए मुळात खालीच उतरला नाही, तरी वाट बघत बसायचे नाही. याउलट वय ७८, हृदयाचे दुखणे, सौम्य जातीचा रोग आणि पीएसए दुप्पट व्हायला वर्षाहून जास्त वेळ लागतो, अशा माणसाला डॉक्टर काहीच न करता नुसते लक्ष ठेवू म्हणाले, तर त्यांनी वाऱ्यावर सोडले असे समजू नका.

शेकाबद्दल भीती फार. अंगात वीज सोडत नाहीत, देताना दुखत नाही. रोज काही मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सात आठवडे. लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, शौचाच्या तक्रारी होतात. कधी कधी वर्ष-दोन वर्षांनी लघवीतून किंवा शौचावाटे रक्त जाते. ऑपरेशननंतर लघवीवर ताबा येत असतो तो शेकाने अडू शकतो, म्हणून ताबा येईपर्यंत काही महिने जाऊ देणे बहुतेकांच्या फायद्याचे असते. नवरा-बायकोच्या संबंधांवरही परिणाम होतो. हे डॉक्टरांना बायकोसमोर विचारा, निर्णय तिच्याही संसाराचा आहे.

शेकासोबत काहींना सहा महिने ते दोन वर्षे हार्मोनचे औषध देतात. पुरुषी हार्मोनवर हा रोग पोसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले, त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. या औषधाने अंगाची लाही होते, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. मोट्या उचलणाऱ्या माणसाला हे आधी माहीत हवे. इंजेक्शनांचा खर्च नको म्हणून वृषणे काढण्याचा स्वस्त मार्ग सुचवला जातो. रोग पसरला असेल तर तो उपचार शास्त्रशुद्ध आहे, गुणाला इंजेक्शनइतकाच. पण सहा महिन्यांपुरते औषध हवे असताना कायमची वृषणे काढून घेणे म्हणजे पाहुण्यासाठी भिंत पाडणे. ‘औषध किती महिन्यांचे?’ हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

शेकाची सोय मुंबईतच आहे असे नाही. परळच्या टाटा रुग्णालयाखेरीज बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय ही ठिकाणे आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेक बसतो, पण योजनेतल्या रुग्णालयातच. तेव्हा अर्ध्या एकराची बोलणी करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा.

सरपंच आणि भाऊसाहेब मंडळींना एक विनंती. शिधापत्रिकेवर ‘रामा’ आणि आधारवर ‘रामचंद्र’ असला, की फाईल अडते. हा फरक रुग्ण दारात आल्यावर नव्हे, गावात ऑपरेशन झाल्याचे कळताच दुरुस्त करून द्या. आणि रुग्णालयातून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून आणायला सांगा. उपचारासाठी जाताना रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात मोठी सूट मिळते.