बोर्ड बदला, पण फॉरमॅट मारू देऊ नका

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. तेथील एखाद्या कापड दुकानदाराचा किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिराचा कॉम्प्युटर रखडू लागला की तो नगरला न्यायचा आणि दुरुस्तीवाल्याने सांगायचे, "मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदला, फॉरमॅटही मारावा लागेल." यातली पहिली गोष्ट बहुधा खरी असते. दुसरीला मात्र व्यापारी बंधूंनी लगेच मान डोलावू नये.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे बोर्ड बदलण्याची वेळ अनेकांवर आली आहे. बोर्डाबरोबर रॅमही बहुधा बदलावी लागते, कारण जुनी डीडीआर ३ रॅम आजच्या बोर्डात बसत नाही. हा खर्च आधीच धरून चालावे.

आता मुद्द्याचे. आपला हिशेब, उधारीची खाती, गिऱ्हाइकांची मापे, डिझाइन हे सगळे हार्ड डिस्कमध्ये असते, बोर्डात नाही. मग फॉरमॅटची सवय लागली कशी? विंडोज एक्सपीच्या काळात डिस्क चालवणारा ड्रायव्हर जुन्या बोर्डाचा असे. नवा बोर्ड बसवला की निळा पडदा येऊन कॉम्प्युटर अडे. विंडोज १० नवे भाग बहुतेक वेळा स्वतः ओळखते, एकदोनदा बंद-चालू होते आणि कामाला लागते. काळ बदलला, सवय राहिली.

खरी अडचण कुलपांची आहे, आणि ही कुलपे जुना बोर्ड चालू असतानाच उघडावी लागतात. टॅली वापरणाऱ्यांनी आधी त्यातील 'सरेंडर' करून परवाना मोकळा करावा आणि नव्या बोर्डावर पुन्हा चालू करावा. विंडोजचा परवानाही बोर्डाशी बांधलेला असतो. तो सुटा विकत घेतलेला असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा, म्हणजे पुढे "हार्डवेअर बदलले" असे सांगून तो परत मिळवता येतो. तयार कॉम्प्युटरबरोबर आलेला परवाना मात्र त्या बोर्डाबरोबरच संपतो. नवा घ्यावा लागतो. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर ते थांबवावे आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. किल्ली नसेल तर डिस्क समोर असूनही आपली राहत नाही.

जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर आखणी केलेल्या डिस्कवरून अनेक नवे बोर्ड विंडोज सुरूच करत नाहीत. "डिस्क खराब आहे" असे ऐकावे लागते ते बरेचदा येथेच. विंडोज १० मध्ये २०१७ पासून 'एमबीआर टू जीपीटी' नावाचे साधन आहे. ते मजकूर न पुसता आखणी बदलते. तरीही आधी सगळ्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. नक्कल घेतली असे समजणे वेगळे आणि ती उघडणे वेगळे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. गेलेली फाइल अधिकाऱ्यापुढे सबब ठरत नाही.

कारागिरांसाठी एक गोष्ट. बिले छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा प्रोग्रामचे मागे लावायचे कुलूप, म्हणजे डोंगल, पॅरलल पोर्टवर चालत असेल तर नव्या बोर्डाला तो पोर्ट आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. यूएसबीची वायर लावून प्रिंटर बहुधा चालतो, डोंगल सहसा चालत नाही.

नव्या बोर्डाचा नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवावा. आम्ही एकदा हे विसरलो. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही! शेवटी मोबाइल वायरने जोडून काम भागवले. विंडोज ११ घ्यायचे असेल तर तेही नंतरच, आहे त्याच विंडोजवर चढवावे. फाइली आणि प्रोग्राम ठेवण्याचा पर्याय त्यात असतो.

बोर्ड आधीच जळाला असेल तर घाई करू नये. डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालावी, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून नक्कल काढावी, मगच पुढचे. टॅलीचा परवाना अशा वेळी कंपनीला कळवून मोकळा करून घ्यावा लागतो.

बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा ईद, लग्नसराई तोंडावर असताना हे काम काढू नये. आणि कॉम्प्युटर दुकानात ठेवून येताना पावतीवर "डिस्क फॉरमॅट करू नये" एवढे लिहून घ्यावे.