मुदत आणि वकिलाविना कामगार : एक मागोवा

इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे गाव वालचंदनगरचा अभियांत्रिकी कारखाना आणि भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना या दोहोंच्या टापूत येते, आणि त्यामुळे बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची मुदत येथे एकाच आळीतल्या दोन घरांना दीर्घकाळ वेगवेगळी लागू होत असे. साखर उद्योगास लागू असलेल्या 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार कामगाराने आदेशापासून तीन महिन्यांत आधी मालकालाच लेखी मागणी, म्हणजे कामगारांच्या बोलण्यातले ‘अ‍ॅप्रोच लेटर’, द्यायचे आणि समझोता न झाल्यास वाद उत्पन्न झाल्यापासून तीन महिन्यांत कामगार न्यायालय गाठायचे. पहिले पत्र चुकले की पुढचा दरवाजा बंद.

अभियांत्रिकी कामगाराच्या वाट्याला आलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात मात्र सरकारने वाद न्यायालयाकडे सोपवण्यास मुदतच नव्हती. याच कायद्याच्या कलम 36 नुसार समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्याखेरीज वकील उभा राहू शकत नसे. तेव्हा ज्याला वकील मिळणे कायद्यानेच अवघड केले, त्याच्यावर तारखेचा फास आवळायचा नाही, अशी एक सुसंगती त्यात होती, मग ती योजलेली असो वा नसो. मुंबईच्या गॅस कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मालकाकडील येणे वसूल करण्याच्या अर्जास विधिमंडळाने मुदत घातली नसेल तर न्यायालयानेही ती घालू नये, असे ठरवले. पुढे 1999 मध्ये अजायब सिंग प्रकरणात मुदत कायद्यातील तीन वर्षांची तरतूद अशा वादांना नाकारण्यात आली, पण उशिराबद्दल मागील पगार कापता येतो हेही मान्य झाले; आणि लगेच 2000 मध्ये नेदुंगडी बँकेच्या निकालाने शिळा झालेला वाद सोपवताच येत नाही असे बजावले.

अमेरिकी कायद्यात न्यायाच्या दृष्टीने मुदतीचे घड्याळ थांबवण्याचे जे तत्त्व आहे, त्याचे येथे एकच नाव नाही, तुकडे आहेत. चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने गेलेला काळ मुदत कायद्याचे कलम 14 वगळते. महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथांविषयीचा कायदा तक्रारीस 90 दिवस देतो आणि पुरेसे कारण दिल्यास नंतरही ती स्वीकारतो. करोनाकाळात तर 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सारा काळच सर्वोच्च न्यायालयाने गणनेतून वगळला.

कल मात्र मुदत आखडण्याकडेच राहिला. बडतर्फ कामगाराला सरकारच्या सोपवणुकीविना थेट न्यायालयात जाण्याची वाट 2010 च्या दुरुस्तीने मोकळी केली, परंतु तिच्यावर तीन वर्षांचे कुंपण घातले. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत समेटासाठी वाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षे आहेत आणि समेट फसल्यावर अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून न्यायाधिकरणाकडे जाण्यास 90 दिवस. यातली दुसरी मुदत वकिलाविना लढणाऱ्यास अधिक घातक ठरू शकते, कारण समेट झाला नाही एवढेच सांगणारा सरकारी कागद प्रकरणाचा निकाल समजून फाइलला लावला जाण्याची शक्यता मोठी असते.