विंडोजवरून युनिक्सकडे : नवशिक्या शिक्षकासाठी पहिले धडे



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. त्यामुळे धडधाकट चालणारे जुने संगणक अडगळीत टाकायची वेळ आली. आमच्या शाळेच्या संगणक कक्षातही तेच झालं. उपाय म्हणून आम्ही त्या संगणकांवर हलकं डेबियन लिनक्स टाकलं आणि ते सांभाळायची जबाबदारी माझ्याकडे आली. विंडोजचा पंधरा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. म्हटलं, त्यात काय एवढं! पहिल्याच आठवड्यात सातवीच्या आकारिक मूल्यमापनाच्या सगळ्या फाइली मी एका ओळीत पुसून टाकल्या. ते कसं झालं ते पुढे येईलच. पण त्यातून जे कळलं ते आधी सांगते : विंडोजमध्ये आपण कुठे क्लिक करायचं ते पाठ करतो, युनिक्समध्ये नेमकं काय हवं ते सांगायला शिकावं लागतं. जे सांगाल तेच होतं.

युनिक्स म्हणजे काय?

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची दोन मुख्य नावं. त्या काळी एका मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करत. म्हणून 'हा माणूस कोण, आणि त्याला काय करायची मुभा आहे?' हा प्रश्न युनिक्समध्ये पहिल्यापासूनच आहे. विंडोज मुळात एका टेबलावरच्या, एका माणसाच्या संगणकासाठी वाढलं. दोघांच्या स्वभावातला फरक इथूनच येतो.

लिनक्स हे युनिक्सच्याच वळणावर नव्याने लिहिलेलं आहे. फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केलं. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे ही काही परकी वस्तू नाही.

(एक सूचना : या लेखात कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची. युनिक्समध्ये लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, हेही लक्षात ठेवा.)

सी ड्राइव्ह कुठे गेला?

नवशिक्याला पहिला धक्का इथेच बसतो. युनिक्समध्ये सी, डी, ई असे ड्राइव्ह नसतात. सगळं एकाच झाडावर असतं. झाडाचं मूळ म्हणजे '/' ही तिरपी रेघ. त्याला फुटलेल्या फांद्या अशा : 'होम'मध्ये प्रत्येक वापरकर्त्याचं घर, 'ईटीसी'मध्ये सेटिंगच्या फाइली, 'व्हार'च्या आत 'लॉग'मध्ये संगणकाची रोजनिशी. पेनड्राइव्ह लावला तरी नवं अक्षर मिळत नाही, तो याच झाडाला एखाद्या फांदीसारखा जोडला जातो.

म्हणून दोन कमांड आधी शिकाव्यात. 'पीडब्ल्यूडी' सांगते, मी आत्ता कुठे उभी आहे. 'एलएस' सांगते, इथे काय काय आहे. अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकण्याआधी आपण चाचपडून बघतो, तसंच हे.

मुख्याध्यापकांचा शिक्का

विंडोजवर आपण बहुतेक वेळा अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसतो आणि खिडकी उघडली की 'येस' दाबून मोकळे होतो. युनिक्समध्ये सगळे अधिकार असलेला एकच वापरकर्ता असतो, त्याचं नाव 'रूट'. रोजचं काम रूट म्हणून करायचं नाही. गरज पडेल तेवढ्याच ओळीपुढे 'सुडो' लावायचं. म्हणजे मुख्याध्यापकांचा शिक्का दिवसभर खिशात घेऊन फिरायचं नाही, लागेल त्या कागदापुरता मागून घ्यायचा.

सुडो पासवर्ड विचारतं तेव्हा टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, बऱ्याचदा ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं मला वाटलं होतं! तो बिघडलेला नसतो. पासवर्ड किती अक्षरी आहे हेही मागच्याला कळू नये, म्हणून तसं केलेलं असतं.

४, २, १ चं गणित

प्रत्येक फाइलवर तिघांसाठी परवानग्या लिहिलेल्या असतात : मालक, गट आणि इतर. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. ज्या परवानग्या द्यायच्या त्यांची बेरीज करायची. वाचणं आणि लिहिणं म्हणजे ६, तिन्ही म्हणजे ७. ४, २, १ हेच आकडे का? कारण त्यांच्या कुठल्याही दोन निवडींची बेरीज सारखी येत नाही. ५ म्हटलं की ४ आणि १ च, दुसरं काही असूच शकत नाही. द्विमान पद्धती शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता गुणांची फाइल घ्या. वर्गशिक्षिकेने वाचावी आणि लिहावी : ६. शिक्षकांच्या गटाने फक्त वाचावी : ४. विद्यार्थ्यांना काहीच नाही : ०. म्हणून परवानगी ६४०, आणि ती देणारी कमांड 'सीएचमॉड'. फोल्डरच्या बाबतीत १ चा अर्थ 'आत जाणं' असा होतो. आणखी एक बारकावा आहे : फाइल पुसण्याची मुभा फाइलच्या परवानगीवर नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानगीवर ठरते. त्यामुळे फोल्डरलाही जपावं लागतं.

काहीतरी अडलं की 'सगळ्यांना ७७७ द्या' असा सल्ला कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. त्याने दार उघडतं खरं, पण ते सगळ्यांनाच उघडतं.

तो एक स्पेस

आता माझी गोष्ट. गुणांच्या फोल्डरमध्ये 'जुने' या शब्दाने सुरू होणाऱ्या चार-पाच फाइली होत्या, त्या पुसायच्या होत्या. पुसण्याची कमांड 'आरएम'. तारा म्हणजे * हे चिन्ह, त्याचा अर्थ 'पुढे काहीही असो'. मला लिहायचं होतं : आरएम जुने*. घाईत लिहिलं गेलं : आरएम जुने *. मध्ये एक स्पेस.

युनिक्समध्ये स्पेस म्हणजे दोन वेगळे शब्द. सुट्या ताऱ्याचा अर्थ 'इथल्या सगळ्या फाइली'. शेल, म्हणजे आपली ओळ वाचणारा प्रोग्राम, ताऱ्याच्या जागी सगळ्या फाइलींची नावं भरतो आणि मग ती यादी आरएमकडे देतो. आरएमच्या दृष्टीने मी एकेका फाइलचं नाव घेऊन 'पुसा' म्हटलं होतं. त्याने विचारलं नाही, रिसायकल बिनमध्ये ठेवलं नाही. पडद्यावर तक्रार आली ती एवढीच की 'जुने' नावाची फाइल सापडत नाही. बाकी सगळं गेलं होतं.

वही-नोंदी होत्या म्हणून वाचले. एका सहकारी बाईंना सोबत घेऊन दोन संध्याकाळी बसून सगळे गुण पुन्हा भरले. तेव्हापासून तीन सवयी लावून घेतल्या आहेत :

१. पुसण्याआधी तीच ओळ 'आरएम'ऐवजी 'एलएस' लिहून चालवायची. काय पुसलं जाणार आहे ते आधी डोळ्यांनी दिसतं.
२. शंका असेल तर आरएमला '-आय' जोडायचं, मग ते प्रत्येक फाइलला विचारतं.
३. ज्या गोष्टीची दुसऱ्या जागी प्रत नाही, तिच्या फोल्डरमध्ये प्रयोग करायचे नाहीत.

शांतता म्हणजे यश

विंडोज काम झालं की बऱ्याचदा खिडकी उघडून सांगतं. युनिक्सच्या बहुतेक कमांड काम नीट झालं तर काहीच बोलत नाहीत. नवशिक्याला वाटतं, काही झालंच नाही. उलट, काही बोलली तर थांबून वाचायचं. चुकीचा संदेश बंद करण्यासाठी नसतो, वाचण्यासाठी असतो. 'परवानगी नाही' आणि 'फाइल नाही' यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. काही अडलं की संगणक रीस्टार्ट करायची आपली जुनी सवयही इथे फारशी उपयोगी पडत नाही. आधी लॉग बघायचा, मग बिघडलेली तेवढीच सेवा पुन्हा सुरू करायची.

सेटिंगचंही तसंच. 'ईटीसी'मधल्या बहुतेक फाइली साध्या मजकुराच्या असतात. बदल करण्याआधी 'सीपी'ने प्रत काढून ठेवली, तर परत फिरायचा रस्ता राहतो. आणि सॉफ्टवेअर हवं असेल तर कुठल्यातरी साइटवरून सेटअपची फाइल उतरवायची नाही. डेबियन-उबंटूवर 'एपीटी' ही कमांड अधिकृत साठ्यातून ते आणून देते.

सुरुवात कुठून करावी?

घरचा विंडोज पुसायची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम मोफत मिळतो. त्यात विंडोजच्या आतच एक खोटा संगणक तयार होतो, त्यात लिनक्स टाका. 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवला की कितीही मोडतोड झाली तरी आधीच्या स्थितीला परत जाता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, मुलांनाही ते झेपतात. आणि कमांड अडली तर 'मॅन' लिहून पुढे तिचं नाव द्या, माहितीपत्रक तिथेच उघडतं.

पहिला आठवडा फक्त फिरण्याचा आणि बघण्याचा. दुसरा फाइली बनवण्या-हलवण्याचा. तिसरा परवानग्यांचा : दोन-तीन खोटे वापरकर्ते बनवा आणि एकाची फाइल दुसऱ्याला दिसते का ते तपासा. चौथ्या आठवड्यात मुद्दाम काहीतरी बिघडवा आणि लॉग वाचून दुरुस्त करा.

पालकांना एकच विनंती. मूल काळ्या पडद्यावर काही टाइप करताना दिसलं, तर 'बिघडवशील' म्हणून उठवू नका. बिघडलं तरी चालेल अशी जागा त्याला द्या आणि एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाचायला सांगा. मी त्या दिवशी वाचली असती, तर तो स्पेस मला दिसला असता.