नेदरलँड्समधली नाताळची जिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

५ डिसेंबरच्या सिंटरक्लास सणापासून ३१ तारखेच्या ओलीबोलन या तळलेल्या गोड गोळ्यांपर्यंत नेदरलँड्समध्ये पाहुण्यांचा राबता असतो. ॲमस्टेलवेन, आइंडहोवनच्या मराठी घरांतही या दिवसांत जिनचं कॉकटेल होतं. ते नीट जमायचं, तर आधी काही समजुती दूर सारायला हव्यात.

गैरसमज: जिन मूळची इंग्लंडची.
इंग्रजांनी तिला आजचं रूप दिलं, पण तिची आई म्हणजे नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या भागातली येनेव्हर. धान्यापासून गाळलेल्या मद्याला ज्युनिपरचा स्वाद देऊन ती बनते. स्खीडाममधल्या उंचच उंच पवनचक्क्या याच धंद्यासाठी धान्य दळत. लायडनचे प्राध्यापक सिल्वियस यांनी तिचा शोध लावला, ही कथाही टिकत नाही. १६२३ साली छापलेल्या एका इंग्रजी नाटकात तिचा उल्लेख आहे. सिल्वियस यांचा जन्म १६१४चा!

गैरसमज: 'आउडे' येनेव्हर म्हणजे मुरवलेली, 'योंगे' म्हणजे ताजी.
हे वय नव्हे, पद्धत आहे. आउडे म्हणजे जुन्या पद्धतीची. तिच्यात माल्टचं मद्य किमान १५ टक्के लागतं. योंगेमध्ये ते जास्तीत जास्त १५ टक्के चालतं आणि साखर लिटरला १० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून लिंबू-सोड्यासोबत मोकळी, हलकी चव हवी असेल तर योंगे घ्यावी. धान्याचा भरदार स्वाद आवडत असेल तर आउडे. दोन्ही सुपरमार्केटमध्ये मिळत नाहीत, दारूच्या दुकानातच जावं लागतं.

गैरसमज: बर्फ कमी घातला की पेय पाणचट होत नाही.
उलट होतं. दोनच खडे कोमट पेयात भराभर विरघळतात. ग्लास बर्फाने गच्च भरला तर पेय लवकर थंड होतं आणि मग बर्फ सावकाश वितळतो. ग्लास असा भरून ३५ मिली योंगे, २० मिली लिंबाचा रस आणि १५ मिली साखरेचा पाक घालावा, ढवळावं, वर थंड सोडा ओतावा. पाकाऐवजी अमृत कोकम घातलं तर रंगही सुरेख येतो. आगळ मात्र नको, त्यात मीठ असतं.

गैरसमज: सोडा घातला की दारू कमी होते.
चव सौम्य होते, दारू तेवढीच राहते. ३५ टक्क्यांच्या ३५ मिली येनेव्हरमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे डच हिशेबाने एक ग्लास. मोजमाप न वापरता अंदाजाने ओतलं, तर एकाच ग्लासात दोन ग्लास सहज जातात.

गैरसमज: थंडीत दोन घोट घेतले की ऊब येते.
ऊब फक्त जाणवते. अल्कोहोलमुळे त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येतं आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते. बाहेर पडताना जॅकेटला पर्याय नाही.

गैरसमज: गाडी नाही, सायकलच तर आहे!
रक्तातल्या अल्कोहोलची प्रति हजार ०.५ ही मर्यादा नेदरलँड्समध्ये सायकलस्वारालाही लागू आहे आणि ती ओलांडली तर दंड होतो. त्यामुळे पाहुण्यांना ग्लास देण्याआधीच ते घरी कसे जाणार, हे विचारून घ्यावं. परत सायकलच चालवायची असेल, तर त्यांच्यासाठी लिंबू, अमृत कोकम आणि सोडा पुरेसा आहे.